गेजची सुई दाखवून विकलेला रिकामा सिलिंडर

घरी बिअर करणारा बाटल्या सोडून केगकडे, म्हणजे दाबाखाली बिअर साठवणाऱ्या धातूच्या पिंपाकडे वळतो, तेव्हा त्याला सगळंच एकदम लागतं: १९ लिटरचा कॉर्नी केग (झाकणाचा उंच, अरुंद केग), कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर, नळ, नळ्या. वापरलेला संच 'तयार आहे, फक्त जोडा' म्हणून विकणारे नेमकं इथेच गाठतात. आम्हाला असाच संच विकला गेला. त्यातली प्रत्येक खोट पैसे देण्याआधी पकडता येते, म्हणून हे लिहीत आहोत.

सर्वांत मोठी फसवणूक सिलिंडरची. विक्रेत्याने व्हॉल्व्ह उघडला, दाब दाखवणाऱ्या गेजची सुई ५७ बारवर (बार हे दाबाचं एकक) गेली, आणि 'बघा, फुल आहे' म्हणाला. सुई खरी होती, दावा खोटा. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि वरच्या वाफेचा दाब तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, ३० अंशांना ७२, फ्रिजमध्ये ४ अंशांना ३९च्या आसपास. द्रव चार बोटं असो वा चार थेंब, सुई तीच. २.३ किलो गॅसच्या सिलिंडरमधला जवळपास पाऊण भाग संपेपर्यंत ती हलत नाही, मग झपाट्याने घसरते. म्हणून वजनच करा. रेग्युलेटर काढून सिलिंडर काट्यावर ठेवा आणि गळ्याशी कोरलेलं रिकामं वजन वजा करा. एक केग कार्बोनेट करून, म्हणजे बिअरमध्ये गॅस मुरवून, पूर्ण ओतेपर्यंत साधारण १५० ते २०० ग्रॅम गॅस लागतो. पहिल्याच केगला सिलिंडर आटला, तर 'तुमच्या जोडणीत गळती असेल' हे उत्तर ठरलेलं, आणि वजनाची नोंद नसेल तर ते खोडता येत नाही.

गळ्याशीच चाचणीची तारीख असते. मुदत उलटलेला सिलिंडर गॅस भरणारे परत पाठवतात. साध्या तापमानाला सुई शंभर बारच्या वर गेली तर आत वेल्डिंगचं आर्गॉन मिश्रण असण्याची शक्यता मोठी. त्यावर बिअर नीट कार्बोनेट होणार नाही.

केग आम्हाला ३० पीएसआयवर (हेही दाबाचंच एकक) दाखवला गेला. तेवढ्या दाबाने झाकणाची मोठी ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) घट्ट बसते. १२ पीएसआयवर तीच झिजलेली रिंग सुटते. त्यात बिअर भरलेल्या केगचा दाब गॅस विरघळल्यानेही उतरतो, त्यामुळे विक्रेत्याला सबब आयती मिळते. म्हणून चाचणी रिकाम्या केगची घ्या. ३० वर झाकण बसवा, वरचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब सोडणारी झडप) ओढून दाब १२वर आणा, गॅसची जोडणी काढा, साबणाचं पाणी झाकणावर, दोन्ही पोस्टवर (गॅस व बिअरच्या नळ्या जोडायची तोंडं) आणि त्या व्हॉल्व्हवर लावा, आणि त्याच खोलीत रात्रभर ठेवून सकाळी दाब पुन्हा मोजा. झाकणाची एक, पोस्टच्या दोन, पोस्टखालून केगमध्ये उतरणाऱ्या डिप ट्यूबच्या दोन अशा पाचही ओ-रिंग तशाही बदलायच्या असतात. झाकणाची कडाच चेपलेली असेल तर मात्र केग घेऊ नका.

नळ 'स्टेनलेस' आहे म्हणून त्याला लोहचुंबक चिकटत नाही हे दाखवतात. चुंबक पितळेलाही चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षाच नव्हे. नळ उघडून आत पाहा. मुलामा उडालेल्या जागी पिवळेपणा दिसतो.

सोबत दिलेली बिअरची नळी मीटरभरच असते. आतून ४.८ मिमी व्यासाची नळी १२ पीएसआयला सुमारे ३ मीटर लागते. आखूड नळीतून नुसता फेस येतो, आणि विक्रेता दोष तुमच्या बिअरला देतो. खरं तर ४ अंश आणि १२ पीएसआयवर एक-दोन आठवडे ठेवलेल्या बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूमच्या (बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट) आसपास गॅस मुरतो, आणि तेवढ्याने ती फेसाळून वाया जात नाही.