साताऱ्यातील कायदा-वाचन वर्ग: फाशीच्या प्रश्नावर तीन रविवार

साताऱ्यातील एका वाचनालयाने नागरिकांसाठी चालवलेल्या कायदा-वाचन वर्गात फाशीच्या शिक्षेवरचे तीन रविवार मी पूर्ण केले आणि शंभर रुपयांत इतके कसदार शिकवणे क्वचितच मिळते, असे मनापासून नमूद करतो. शिकवणाऱ्या निवृत्त वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून सुरुवात केली: जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद, तोही दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच. सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हे मला प्रथमच नीट उमगले.

दयेच्या अर्जावर अवाजवी विलंब झाल्यास फाशीची जन्मठेप होऊ शकते, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल वाचताना पुढच्या बाकावरील काकूंनी झेरॉक्सवरील ‘विलंब’ शब्दाखाली पेन्सिलने दोनदा रेघ ओढली आणि विचारले, “सर, मग गेलेल्याच्या आईनं किती वर्षं थांबायचं?” सरांनी उत्तराची घाई केली नाही, वर्गाची खरी गुणवत्ता मला तिथे दिसली. काकूंचा प्रश्न अजून मनात आहे, तरीही चुकलेला निकाल फाशीनंतर दुरुस्त करता येत नाही, या एका कारणाने माझे मत या शिक्षेच्या विरोधात गेले.

उणीव सांगायलाच हवी. दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे यांखेरीज अन्य गुन्ह्यांत फाशी रद्द करावी, अशी शिफारस करणाऱ्या विधी आयोगाच्या २०१५ च्या अहवालाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली, आणि उतारे मराठीत नव्हते. पुढील वर्गापूर्वी एवढे जरूर सुधारावे.