ब्रॅमलिंग क्रॉस हॉप: १०० ग्रॅमचं पाकीट, २३ लिटर बिटर

हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, आणि ब्रॅमलिंग क्रॉस ही त्यातली एक इंग्लिश जात. पाकीट फोडून लगेच नाक घातलं तर तिच्याबद्दल मत वाईटच होईल. सुकं गवत, थोडी लिंबाची साल, बस. चार-पाच सुकी फुलं तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताने करकचून चोळा आणि अर्धा मिनिट थांबा. पाकळ्यांच्या बुडाशी असलेली पिवळी भुकटी हाताच्या उबेने चिकट होते आणि मग खरा वास येतो: ब्लॅककरंट. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना तो रायबेना सरबताच्या बाटलीतून ओळखीचा असतो. बाकीच्यांनी पिकलेलं जांभूळ आठवावं, त्यातला तुरटपणा वजा करावा आणि वर ईडलिंबाची साल किसावी. साधारण तिथवर पोचता येतं.

हा वास बिटरमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या हलक्या, कडवट बिअरमध्ये, कधी शोभतो आणि कधी खोकल्याच्या औषधासारखा लागतो, एवढाच खरा प्रश्न आहे. त्यातला निम्मा दोष हॉपचा नसतोच, माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवाचा असतो. त्यावर पुढे येऊ.

जात नवी नाही, फक्त घरी बिअर करणाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये क्वचित दिसते. केंटमधल्या वाय कॉलेजात प्रोफेसर अर्नेस्ट सॅमन यांनी १९२७ मध्ये ब्रॅमलिंग या गोल्डिंग घराण्यातल्या वेलीचा कॅनडातल्या मॅनिटोबाच्या रानटी हॉपच्या वंशाशी संकर केला. सौम्य मसालेदारपणा आईकडचा, काळ्या फळांचा वास बापाकडचा. तेव्हाच्या इंग्लिश ब्रूअर मंडळींनी ‘अमेरिकन वास’ म्हणून नाकं मुरडली होती. आता मात्र ससेक्समधल्या लुइस गावची हार्वीज ब्रूअरी आपल्या ससेक्स बेस्ट बिटरमध्ये फगल, गोल्डिंग्ज आणि प्रोग्रेस या हॉपच्या जातींच्या पंगतीला ब्रॅमलिंग क्रॉस बसवते. चौघांत एक, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

खरेदी करताना पाकिटावर दोन गोष्टी बघा: पिकाचं वर्ष आणि कडवटपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचं प्रमाण. या जातीत अल्फा साधारण ५ ते ८ टक्के असतं आणि वर्षागणिक बदलतं, त्यामुळे रेसिपीतले ग्रॅम जसेच्या तसे उचलणं ही पहिली चूक. खालचं माप ६ टक्क्यांचं आहे. पाकिटावर ७.२ लिहिलं असेल तर कडवटपणासाठीचे ३३ ग्रॅम गुणिले ६ भागिले ७.२, म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम. शेवटी पडणाऱ्या हॉपला हा हिशेब लावू नका. तो वासासाठी असतो, वजनानेच घाला. फुलं हिरवट-पिवळी हवीत. तपकिरी पडली असतील आणि जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास येत असेल तर अल्फा आम्लाला हवा लागली आहे. असं पाकीट परत करा, उकळून तो वास सुधारेल अशी आशा नको.

पूर्ण फूल घ्यावं की पेलेट, म्हणजे फुलं दळून दाबलेल्या गोळ्या? ज्यांच्या बॉयलरच्या नळाला आत जाळी आहे त्यांनी फूल घ्यावं. उकळीनंतर फुलांचा थर तळाशी बसतो आणि वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, त्यातून गाळून स्वच्छ उतरतो. पेलेटचा चिखल होतो आणि तो बारीक जाळी हमखास बुजवतो. पेलेटची बाजू एवढीच, की त्यातून कडवटपणा सुमारे दहा टक्के जास्त उतरतो आणि फुलं जे अर्धा-पाऊण लिटर वर्ट पिऊन बसतात ते वाचतं. पेलेट घेतलेच तर नायलॉनच्या पिशवीत घाला आणि पिशवी सैल बांधा, आत गोळा झाला तर मधला भाग कोरडाच राहतो.

आता बॅच. फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, २३ लिटर, सुरुवातीची घनता १.०४०, शेवटची १.०१० च्या आसपास, मद्यार्क ३.९ टक्के. मॅरिस ऑटर पेल माल्ट ३.७५ किलो, मध्यम क्रिस्टल माल्ट (कॅरमेलची गोडी आणि रंग देणारं) २०० ग्रॅम, फेस टिकावा म्हणून टॉरिफाइड, म्हणजे भाजून फुलवलेला, गहू १५० ग्रॅम. हे ७५ टक्के उताऱ्याचं, म्हणजे धान्यातली तेवढी साखर पाण्यात उतरेल असं धरलेलं गणित आहे. उतारा कमी मिळत असेल तर पेल माल्ट वाढवा, क्रिस्टल वाढवू नका. साडेदहा लिटर पाणी ७३-७४ अंशांना तापवून त्यात दळलेलं धान्य मिसळलं की मॅश, म्हणजे हे मिश्रण, ६६ अंशांच्या आसपास स्थिरावतो. गुठळ्या फोडून तासभर झाकून ठेवा. मग ७५-७८ अंशांच्या साधारण २१ लिटर पाण्याने धुऊन घ्या, उकळीला सव्वासत्तावीस-साडेसत्तावीस लिटर मिळतं.

क्रिस्टलवर थांबायलाच हवं. इंग्लिश बिटरच्या पुष्कळ रेसिपींत ते सात-आठ टक्के असतं आणि गोल्डिंग्जबरोबर ते खपून जातं. ब्रॅमलिंग क्रॉसबरोबर नाही. क्रिस्टलचा मनुका-कॅरमेलचा गोडवा आणि ब्लॅककरंट एकत्र आले की पेल्यात जॅम तयार होतो. पहिला घोट छान, अर्ध्या पाइंटनंतर तोंड बसतं. बिटरचं काम दुसरा पाइंट मागायला लावण्याचं. म्हणून इथे क्रिस्टल पाच टक्क्यांच्या आत ठेवलं आहे, आणि गडद क्रिस्टल तर मुळीच नको.

पाण्याचा प्रश्न गावानुसार बदलतो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरणारं. त्याची क्षारता कमी केली नाही तर कडवटपणा खरखरीत होतो आणि फळाचा वास दबतो. आदल्या रात्री पाणी उकळून, थंड करून, तळाचा चुना मागे ठेवून वरचं ओतून घेणं हा जुना उपाय अजून चालतो. घाई असेल तर ब्रूइंगच्या दुकानात मिळणारं क्षारता कमी करणारं आम्ल बाटलीवरच्या मापाने घाला. मँचेस्टरचं पाणी उलट, हलकं. तिथे सगळ्या मिळून ३२ लिटर पाण्याला ८ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पुरतं. पाणी कुठलंही असो, अर्धी कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी चुरून आधीच घाला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरामाइनमुळे बिअरला दवाखान्याचा वास येतो, आणि या हॉपच्या बाबतीत लोक तो नेमका हॉपच्या माथी मारतात.

उकळी साठ मिनिटांची. सुरुवातीचा फेस खाली बसला की ३३ ग्रॅम हॉप. शेवटची दहा मिनिटं उरताना २० ग्रॅम, त्याच वेळी वर्ट निवळायला अर्धी प्रोटाफ्लॉक गोळी. मग आच बंद, चिलर लावून ८० अंशांपर्यंत खाली आणा, चिलर थांबवा आणि ३० ग्रॅम घालून वीस मिनिटं झाकण लावून मुरू द्या. कडवटपणा एकूण २८-३० एककांपर्यंत जातो, १.०४० च्या बिटरला बरोबर. ८० अंशांचा हट्ट का? आच बंद केल्या केल्या, ९५-९८ अंशांवर हॉप टाकला तर अल्फा आम्लाचं कडू संयुगात रूपांतर चालूच राहतं, कडवटपणा चढतो आणि हलका वास वाफेबरोबर जातो. थर्मामीटर नसेल तर हा टप्पा अंदाजाने करू नका, आधी थर्मामीटर आणा.

राहिले १७ ग्रॅम. त्यातले १५ ड्राय हॉपसाठी, म्हणजे न उकळता आंबणाऱ्या बिअरमध्ये घालायला.

यीस्ट म्हणून एस-०४ या सुक्या यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट पुरेसं आहे. वर्ट १८ अंशांवर असताना टाका, पहिले तीन दिवस १९ च्या वर जाऊ देऊ नका. या यीस्टला तापमान चढलं की ते स्वतःच्या फळांचे वास सोडतं आणि मग ब्लॅककरंट, सफरचंद, पेअर यांची खिचडी होते. चौथ्या दिवशी तापमान २०-२१ वर न्या. घनता १.०१३-१.०१४ ला आली की उकळत्या पाण्यातून काढलेल्या पिशवीत १५ ग्रॅम फुलं, सोबत काचेच्या दोन-तीन स्वच्छ गोट्या. वजन नसेल तर पिशवी होडीसारखी वर तरंगत राहते. फर्मेंटेशन पूर्ण संपायच्या आत घालायचं कारण असं, की सुक्या फुलांत भरपूर हवा अडकलेली असते आणि जागं यीस्ट तो ऑक्सिजन फस्त करतं. तीन दिवसांनी पिशवी काढा. नंतर घनता दोन दिवस सारखी आली तरच बाटल्या भरा. हॉपमधली विकरं उरलेली साखर थोडी फोडतात आणि आंबणं पुन्हा हळूच सुरू होऊ शकतं. घाई केली तर बाटल्या फसफसतात, क्वचित फुटतात. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास येत असेल तर यीस्ट लवकर तळाला बसलं आहे, अजून दोन दिवस उबेत ठेवा.

बाटलीत साखर कमी घाला. २२ लिटरला ८० ग्रॅम साधी साखर म्हणजे लिटरला साडेतीन ग्रॅमच्या जरा वर. एवढ्याने सौम्य बुडबुडे येतात. लागरसारखी फसफसणारी बिटर जिभेला टोचते आणि या हॉपची लिंबाची बाजू उगाच आंबट वाटते. दोन आठवडे खोलीत, एक आठवडा गार जागी, आणि प्यायची ११ ते १३ अंशांवर. फ्रीजमधून थेट काढली तर वासाचा पत्ता लागत नाही.

ही सगळी कृती ब्रिटनमधल्या स्वयंपाकघराची आहे. तिथे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी थर्मामीटर तूर्त दूध तापवायला वापरावा.

पेल्यात काय मिळतं? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वास सर्वात चांगला असतो: आधी लिंबू, मग ब्लॅककरंट, मागे थोडा मिरपुडीसारखा मसाला. कडवटपणा सरळ आहे, रेंगाळत नाही, पण गोल्डिंग्जसारखा गोलवाही त्यात नाही. शेवटच्या घोटाला एक कोरडी, झाडाच्या पानांसारखी चव उरते. ती काहींना आवडते, काहींना कच्ची वाटते. ड्राय हॉप १५ वरून ३० ग्रॅम केला तर ही पानांची चव बाकी सगळ्यावर बसते. दोन-अडीच महिन्यांत फळ ओसरतं.

इथे एक फसगत आहे. हवा लागलेल्या बिअरलाही जुनी होताना ब्लॅककरंटच्या पानांसारखा, मांजराच्या मुताकडे झुकणारा वास येतो. मग हॉपचा कोणता आणि बिघाडाचा कोणता? हॉपचा वास पहिल्या बाटलीपासून असतो आणि दिवसांबरोबर कमी होतो. बिघाडाचा वास सुरुवातीला नसतो, मग वाढत जातो आणि पुढे ओल्या पुठ्ठ्याची चव येते. तसं असेल तर हॉप बदलू नका, बाटली भरायची नळी तळापर्यंत नेता का ते तपासा.

एकट्याच्या बळावर या हॉपला पाचपैकी साडेतीन. पहिली बॅच तरी एकट्यानेच करावी, म्हणजे त्याचा आवाज ओळखता येतो. दुसऱ्या बॅचला साठ मिनिटांच्या टप्प्यावर ५ टक्के अल्फाचे ईस्ट केंट गोल्डिंग्ज ४० ग्रॅम, दहा मिनिटांवर ब्रॅमलिंग क्रॉसचे २० ग्रॅम, ८० अंशांवर दोन्ही १५-१५ ग्रॅम, आणि ड्राय हॉप वगळा. ही बिटर पाचपैकी साडेचारची. त्यात ब्रॅमलिंग क्रॉसचे ३५ ग्रॅमच लागतात. उरलेलं पाकीट हवा दाबून काढून, घट्ट चिकटवून फ्रीजरमध्ये टाका आणि वर तारीख लिहा.