आवाज बदलण्याचे पैसे घेतले, केला फक्त मोठा

गेल्या वर्षी मी माझ्या आवाजातील पाच अभंग कोल्हापुरातील एका स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून घेतले. वय अडुसष्ट असल्याने आवाजात घोगरेपणा आला आहे आणि तो मुद्रणात स्पष्ट ऐकू येत होता. स्टुडिओचालक म्हणाले की, गळ्याची प्रतिकृती तयार करणारे सॉफ्टवेअर त्यांच्याकडे असून त्यावर आवाजाला पूर्वीची गोलाई परत देता येईल. त्यासाठी त्यांनी चोवीस हजार रुपये सांगितले. पंधरा हजार मी यूपीआयने भरले आणि उरलेले नऊ हजार, त्यांच्या आग्रहावरून, रोख दिले.

असे सॉफ्टवेअर खरोखरच अस्तित्वात आहे, म्हणून तर विश्वास बसला. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी प्रौढ पुरुषात साधारण १७ सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या आकारानुसार आवाजातील काही कंपने उठून दिसतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. अँटारिस कंपनीच्या ‘थ्रोट’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये या पोकळीची लांबी-रुंदी पडद्यावर बदलता येते, त्यामुळे स्वर तोच राहून आवाज जाड किंवा पातळ होतो; अति केले तर घागरीत तोंड घालून गायल्यासारखे ऐकू येते. याच कंपनीचे १९९७ साली आलेले ‘ऑटोट्यून’ मात्र मुळात सुराची उंची दुरुस्त करण्यासाठी आहे, आवाजाची जात बदलण्यासाठी नाही. चालकांनी ही दोन्ही नावे एकाच वाक्यात घेतली, तेव्हाच मी थांबून विचारायला हवे होते. शिवाय घोगरेपणा बहुतेक वेळा स्वरतंतू नीट न मिटल्याने येतो, तो पोकळीचा आकार बदलून पुसला जात नाही. आणि अशा कामाला वाद्यांपासून वेगळा, एकट्या गळ्याचा ट्रॅक लागतो. माझ्या अभंगांत पेटी आणि तबला एकाच माइकवर आले होते, तरी त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही.

त्यांनी ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन तुकडे ऐकवले. पहिला दबलेला, जणू गोधडीआडून गायलेला. दुसरा मोकळा आणि भरीव. मी हरखून गेलो. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचे वास्तव्य लाभलेल्या, देवल क्लबच्या मैफिलींच्या या गावात आपले कान तयार आहेत, असा माझा समज होता, पण कान तयार असले तरी थोडा मोठा आवाज त्यांना अधिक चांगला वाटतोच.

पुण्यात ध्वनिसंपादन करणारा भाचा दिवाळीत आला, तेव्हा मी त्याला कौतुकाने दोन्ही फाइली दिल्या. मूळ फाइल सुदैवाने मी मुद्रणाच्या दिवशीच पेनड्राइव्हवर घेतली होती. त्याने नव्या फाइलचा आवाज चार डेसिबलने उतरवून मूळ फाइलइतका केला, दोन्ही तंतोतंत जुळवून एका फाइलचे तरंग उलटे केले आणि दोन्ही एकत्र वाजवल्या. सारखे तरंग अशा वेळी एकमेकांना पुसून टाकतात; फाइली वेगळ्या असत्या तर फरक ऐकू आला असता. आम्हाला काहीच ऐकू आले नाही; पडद्यावरची रेष सपाट होती.

“मामा, यांनी तुमचा आवाज बदललेलाच नाही, फक्त मोठा केलाय,” तो म्हणाला. नंतर त्याने दाखवले की ‘आधी’च्या नमुन्यातील उंच कंपने मुद्दाम कापून टाकलेली होती, म्हणूनच तो दबलेला वाटला होता.

चालकांना विचारले असता “परिणाम सूक्ष्म असतो, सामान्य कानाला कळत नाही,” असे उत्तर मिळाले. त्या सपाट रेषेबद्दल विचारल्यावर त्यांनी माझे फोन घेणे बंद केले.

असे काम करून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की, मूळ फाइल आधी स्वतःकडे घ्यावी, दोन्ही नमुने सारख्याच मोठ्या आवाजात वाजवायला सांगावे, कोणते सॉफ्टवेअर वापरणार ते बिलावर लिहून घ्यावे आणि वाद्यांसह झालेल्या मुद्रणातून एकटा गळा बदलून देतो म्हणणाऱ्याला ‘कसे’ हे आधी विचारावे.

मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार देत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. पंधरा हजारांची नोंद बँकेच्या विवरणात आहे. रोख दिलेल्या नऊ हजारांबद्दल मात्र माझ्याकडे दाखवण्यासारखा एकही कागद नाही.