रात्री घोडा कुठे बांधावा: उंच दोर की विजेचे कुंपण?

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ब्राऊन काउंटीसारख्या वनाच्छादित स्टेट पार्कमध्ये (राज्य उद्यानात) घोड्यासह प्रथमच मुक्कामाला जाणारे बहुधा याच प्रश्नापाशी अडतात.

खर्चात आणि वजनात उंच दोर, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणून ज्याला घोडा बांधतात तो दोर, सरस ठरतो, कारण त्याला दोर, झाडाची साल सोलू नये म्हणून रुंद पट्टे आणि फिरत्या कड्या एवढेच लागते. मात्र तो सुमारे 7 फूट उंचीवर घट्ट ताणावा लागतो. घोड्याला त्या उंच दोराशी जोडणारा लगामदोर इतकाच लांब ठेवावा की घोड्याचे तोंड जमिनीपर्यंत पोहोचेल, पण पाय अडकणार नाही. हे मोजमाप चुकले, तर बाकीची सगळी तयारी वाया जाते. काही उद्यानांत झाडांना दोर बांधण्यास मनाई असते, म्हणून आधी विचारणे उत्तम.

बॅटरीवरील विजेच्या कुंपणात, म्हणजे खुंटांवर ताणलेल्या वीजवाहक पट्टीच्या घेऱ्यात, घोडा मोकळा फिरतो, लोळतो, चरतो. परंतु खुंट रोवायला सपाट जागा हवी आणि बिथरलेले हरिणही पट्टी तोडू शकते. घरी सवय न झालेला घोडा तर ती सहज ओलांडेल.

घोड्यांच्या पाठीवर सामान लादून रोज पुढे सरकणाऱ्यांनी दोर घ्यावा. ट्रेलरने येऊन एकाच जागी राहणाऱ्यांना, घोडा सरावलेला असल्यास, कुंपण सोयीचे पडेल.