उलट्या स्वस्तिकाचं पेंडंट: ४ स्टार, चेन मात्र बोगस

तिबेटियन मार्केटला स्वेटर घ्यायला गेलो होतो, स्वेटर राहिला बाजूला आणि ३५० रुपयांचं पितळी पेंडंट घेऊन घरी आलो. आईने बघितलं आणि सुरूच झाली, अरे हे स्वस्तिक उलटंय, डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारला तुझ्या, जा बदलून आण. बघतो तर खरंच, पाय सगळे डावीकडे.

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीने गेलो तर स्टॉलवरच्या मावशी हसायलाच लागल्या. "उलटा नहीं है, बोन का है." मग गिऱ्हाईक सोडून अर्धा तास बोलत बसल्या, बाकीचं मी घरी येऊन वाचलं. बोन ही तिबेटातली जुनी परंपरा, ते लोक आपलं मूळ कैलासाकडच्या झांगझुंग राज्यात सांगतात आणि हे चिन्ह म्हणजे त्यांचं युंगद्रुंग, कधीच न ढळणारं. प्रदक्षिणासुद्धा उलटी, देव डाव्या हाताला. म्हणजे कैलासाच्या फेरीत बौद्ध आणि बोनवाले समोरासमोर येणारच, श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला कोणी असं उलटं निघालं तर काय गोंधळ होईल बघा!

पण पूर्वी बौद्ध आणि बोनवाल्यांचं प्रकरण एवढं साधं नव्हतं हां. ८व्या शतकात तिबेटचा राजा त्रिसोंग देत्सेनने शांतरक्षित आणि पद्मसंभव या बौद्ध आचार्यांना बोलावून घेतलं, साम्येचा मठ बांधला, आणि बोनवाले सांगतात की आमच्यावर धर्म बदला नाहीतर चालते व्हा अशी वेळ आली, मग आम्ही पोथ्या लपवल्या. त्यातल्या बऱ्याच १०१७ मध्ये शेनचेन लुगा नावाच्या बोनवाल्याला सापडल्या म्हणे. मला मजा याची वाटली की इतकं भांडून दोघं एकमेकांसारखेच दिसायला लागले, बोनमध्येही मठ, भिक्षू, स्वतःचा कांग्युर म्हणजे धर्मवचनांचा पोथीसंग्रह, आणि त्यांचे संस्थापक तोनपा शेनराब हेही बुद्धच. तिबेटातला १४०५ चा त्यांचा मेनरी मठ आता हिमाचलात दोलांजीला परत उभा आहे.

मावशी स्वतः बौद्ध, तरी बोनचं पेंडंट विकतात. विचारलं तर म्हणाल्या, दलाई लामा मानतात ना बोनला, मग मी कोण.

चेन आठवड्यात काळी पडली, मानेवर हिरवा डाग, त्याचा एक स्टार कापलाय. पेंडंट घ्या, चेन सराफाकडून घ्या. आई अजूनही म्हणते शर्टाच्या आत ठेव.