भरती-ओहोटीचं घड्याळ: ओवाळणीत आलेल्या भेटीचे दहा महिने

गेल्या भाऊबिजेला भावानं ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकलं नाही. मोठं खोकं आणून ठेवलं आणि म्हणाला, "ताई, तुझ्या धंद्याच्या उपयोगाचं आहे." आत हे घड्याळ होतं. पितळी दिसणारी कड, निळसर तबकडी, एकच काटा. तबकडीच्या वर 'हाय टाइड', खाली 'लो टाइड'. उजवीकडून उतरताना पाच, चार, तीन, दोन, एक म्हणजे ओहोटीला किती तास राहिले ते, आणि डावीकडून चढताना तसेच भरतीला किती राहिले ते. किती वाजले हे त्यात कळतच नाही.

दापोली तालुक्यात, हर्णैजवळ आमचं चार खोल्यांचं घर आहे, पाहुणे उतरवतो. सुट्ट्यांमध्ये दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न येतो: समुद्रावर कधी जाऊ? त्यामुळे भावाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आता पुढची दिवाळी जवळ आली आहे. 'समुद्राकाठी राहणाऱ्यांना काय द्यावं' म्हणून ओळखीतले दोघं-तिघं या घड्याळाबद्दल विचारत होते. म्हणून दहा महिन्यांचा अनुभव सविस्तर लिहिते.

आधी ते चालतं कसं ते. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सरासरी 12 तास 25 मिनिटं जातात, तेवढ्या वेळात हा काटा एक फेरा पूर्ण करतो. आत साधंच सेलवरचं यंत्र आहे, फक्त दात्यांचा हिशोब बदललेला. हुशारी म्हणाल तर एवढीच.

बसवताना पहिली चूक आम्हीच केली. सोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की अमावास्या किंवा पौर्णिमेला, ऐन भरतीच्या क्षणी काटा वर ठेवा. भावाला कुठला दम निघतोय! जेवण झाल्या झाल्या गच्चीवर जाऊन त्यानं पाणी भरलेलं 'वाटतंय' म्हणून काटा वर नेला. पुढचे बारा दिवस घड्याळ एक सांगत होतं आणि समुद्र दुसरंच. शेवटी त्रिपुरी पौर्णिमेला सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, ते हातात घेतलं. सकाळी वाळूत पाण्याच्या कडेला काठी रोवली. पाणी वर सरकलं की काठीही वर. काठी हलवायची गरज संपली तेव्हा किनाऱ्यावरूनच हाक मारली, "लाव आता!" मी ओसरीवर काटा वर केला. तेव्हापासून घड्याळ रुळावर आलं. कुणी हे विकत घेणार असेल तर बसवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

पण आप्पांना मुळात घड्याळाची गरजच नव्हती. त्यांचा हिशोब जुना: तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. हा ठोकताळा मुंबईकडच्या पाण्याला बरा जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे रत्नागिरी-मालवणला ती आधी येते. आप्पा म्हणूनच आलेल्या उत्तरातून थोडं वजा करतात. किती, ते त्यांच्या बोटांनाच ठाऊक.

मग मी दोन महिने वहीच मांडली. एका रकान्यात घड्याळ, दुसऱ्यात आप्पा, तिसऱ्यात काठी. मला वाटलं होतं यंत्र जिंकेल. तसं झालं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं तेव्हा, आणि अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे ते सगळ्यात कमी चढतं-उतरतं तेव्हा, घड्याळ बरोबर असतं. मधल्या दिवसांत ते चुकतं. उधाण ओसरून भांगाकडे जाताना भरती घड्याळाच्या आधी येते, भांगाकडून उधाणाकडे जाताना मागे राहते. फरक चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपर्यंत गेलेला मी पाहिलाय. यात घड्याळात बिघाड काही नाही. समुद्राला चंद्र ओढतो तसा सूर्यही ओढतो, आणि या घड्याळाला सूर्य ठाऊकच नाही. आप्पांची पाऊणपट तिथीवर चालते आणि तिथी मुळात सूर्य-चंद्रातल्या अंतरावरच मोजतात, म्हणून त्यांचं उत्तर दर पंधरवड्याला आपोआप जागेवर येतं. घड्याळ मात्र महिन्याला दहा-पंधरा मिनिटं पुढे पळतं. खरा फेरा 12 तास 25 मिनिटं 14 सेकंदांचा असतो, ते वरचे 14 सेकंद बहुधा यात धरलेले नसावेत. दर पौर्णिमेला काटा जागेवर आणायची सवय लावून घेतली की तेवढं निभतं.

याहून मोठी उणीव वेगळी आहे. पाणी *कधी* ते घड्याळ सांगतं, *किती* ते सांगत नाही. उधाणाच्या ओहोटीला आमच्या किनाऱ्यावर पाणी इतकं मागे जातं की मुलं क्रिकेट खेळतात. भांगाला त्याच ओहोटीला समुद्र जेमतेम सरकल्यासारखा वाटतो. घड्याळात दोन्ही दिवशी काटा तसाच खाली. दिवसातल्या दोन भरत्याही आपल्याकडे सारख्या नसतात, एक मोठी आणि एक लहान. तेही या तबकडीवर दिसायची सोय नाही.

बंदरावरच्या एका ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्याला, यांनी मोठ्या कौतुकानं घड्याळ दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्याला भांग-उधाण कळतं काय?" नाही म्हटल्यावर चहा पिऊन निघून गेला. तसंच एक त्यालाही दिवाळीत द्यावं असं आमच्या मनात होतं. ते तिथंच बारगळलं.

आता जे झालं ते सांगायलाच हवं. नाताळच्या सुट्टीनंतर थोड्याच दिवसांनी मुंबईचं एक कुटुंब उतरलं होतं. सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या त्यांनी घड्याळ पाहिलं. काटा खाली पोचायला अजून अवकाश होता. म्हणजे पाणी अजून मागे जाणार, मग वर यायला आणखी तास लागणार, असा त्यांनी हिशोब केला आणि गाडी थेट ओल्या वाळूवर नेली. वाळूवर गाडी न्यायला बंदी आहे, आम्हीही सांगतो, पण ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, मोह होतो. त्या दिवशी षष्ठी होती. उधाण नुकतंच ओसरलेलं, म्हणजे घड्याळ सगळ्यात जास्त मागे पडायचा दिवस. पाणी केव्हाच फिरलं होतं. ही मंडळी दूर सावलीत बसून फोटो काढत होती. चाकांखालची वाळू पाण्यानं सैल झाली आणि गाडी बसली. दोर, फळ्या, ट्रॅक्टर, अर्धी वाडी जमली. गाडी निघाली, माणसं सुखरूप, पण इंजिनात खारं पाणी गेलं ते गेलंच. ते गृहस्थ मला काही बोलले नाहीत. जाताना घड्याळाकडे मात्र एकदा बघून गेले.

त्याच रात्री मी घड्याळाखाली हातानं लिहिलेला कागद चिकटवला: 'हे घड्याळ पाऊण तासापर्यंत चुकू शकतं. पाण्यात उतरण्याआधी घरच्यांना विचारा. गाडी वाळूवर नेऊ नका.' पाहुणे हसतात, पण विचारतात. खरं सांगायचं तर घड्याळाचा धंद्याला खरा उपयोग त्या कागदापासून सुरू झाला. आधी लोक परस्पर बघून निघून जायचे, आता थांबून बोलतात. आप्पांना श्रोते मिळाले. कुणी कासवांची पिल्लं बघायला फेब्रुवारी-मार्चमध्ये आंजर्ले-वेळासला निघालेलं असतं, कुणाला हर्णैचा मासळीचा लिलाव बघायचा असतो, कुणाला होडीनं सुवर्णदुर्गाला जायचं असतं. प्रत्येकाला आप्पा आधी तिथी विचारतात. पाहुण्यांपैकी एकालाही आजवर आजची तिथी सांगता आलेली नाही. त्यात त्यांना फार आनंद मिळतो.

घड्याळाचा सगळ्यात चांगला दिवस सांगायचा तर या वर्षीची अनंत चतुर्दशी. आमच्या वाडीतले अकरा दिवसांचे गणपती दुपारनंतर निघतात. उधाणाचे दिवस, सकाळी अकराच्या सुमारास भरती, म्हणजे पाचच्या आसपास पाणी पार मागे. मूर्ती डोक्यावर घेऊन ओल्या वाळूतून लांब चालत जावं लागतं, आणि उशीर केला तर अंधारात पाणी अंगावर येतं. मंडळातली दोन मुलं स्वतःहून ओसरीवर येऊन काटा बघून गेली. उधाण असल्यानं घड्याळ अचूक होतं. आप्पांनीही मान डोलावली. त्याआधी गौरींबरोबर गेले ते गणपती भांगातले, तेव्हा पाणी शांत होतं आणि कुणी काही विचारायलाही आलं नव्हतं.

आता टिकाऊपणाकडे येते. इथं मात्र मला राग आहे. पितळी कड पितळेची नव्हती, वरून मुलामा होता. फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर बारीक खड्डे पडून खालचा धातू दिसायला लागला. स्क्रू मार्चमध्येच गंजले. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या शाकारून वर ओढलेल्या, पाहुणे नाहीत आणि भिंतींना ओल. त्या दोन महिन्यांत मागची भुश्शाची पाटी फुगून तबकडी वाकडी झाली आणि काटा चाराजवळ अडकायला लागला. सेलच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखं जमलं. ते व्हिनेगर लावलेल्या कापसानं पुसून काढलं. शेवटी गावच्या सुतारानं फणसाच्या लाकडाची चौकट करून दिली, आत यंत्र बसवलं आणि मागे साधी लाकडी फळी दिली. आता ते मूळच्यापेक्षा देखणं दिसतं. पण मग भावानं पैसे मोजले ते कशाचे? एका छोट्या यंत्राचे आणि छापील तबकडीचे.

खाऱ्या हवेचा हा जाच घड्याळापुरता नाही, म्हणून भेट देणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुलामा दिलेलं काहीही किनाऱ्यावरच्या घरात देऊ नका. वाऱ्यावर वाजणारी घंटांची माळ आमच्याकडे दोनदा आली. दोन्ही वेळा दोरा टिकला, घंटा नाही. 'स्टेनलेस' लिहिलेलं असलं तरी साध्या 304 जातीच्या स्टीलवर इथं चहासारखे तपकिरी डाग पडतात. 316 जातीत मॉलिब्डेनम असतं, ते समुद्राजवळ बरंच तग धरतं, तेव्हा बाटली किंवा आकडे-खुंट्या देणार असाल तर हा आकडा शोधा. गाणी वाजवणारा छोटा स्पीकर दिलात तर चार्जिंगचं भोक झाकणारं रबर नीट बसतं का ते आधी बघा. दुर्बीण द्याच, पण जलरोधक असेल तर. आमच्या जुन्या दुर्बिणीत पहिल्याच पावसाळ्यात आतून बुरशी धरली, आणि आता तिच्यातून सुवर्णदुर्ग कायम धुक्यात दिसतो. माती, काच, चांगलं लाकूड, सुती कापड, जाडजूड ताडपत्रीची पिशवी या वस्तू वर्षानुवर्षं राहतात. कंटाळवाणी वाटेल, पण आम्हाला मिळालेली सगळ्यात वापरली गेलेली भेट म्हणजे पाण्यात पडली तरी चालणारी विजेरी.

घड्याळ कुणाला द्यावं? जे समुद्रावर पोट भरतात त्यांना नको, त्यांना त्यातलं सगळं आधीच ठाऊक असतं आणि जे हवं ते त्यात नसतं. किनारा सोडून पुण्या-मुंबईत घर केलेल्यांना मात्र बिनधास्त द्या. आमच्या नणंदेनं ठाण्यात स्वयंपाकघरात तसलंच लावलंय. भाजी फोडणीला टाकताना 'आता तिकडे पाणी भरत असेल' म्हणते, आणि पाऊण तासाच्या चुकीनं तिथं कुणाची गाडी बुडत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना पाठवणार असाल तर आधी त्यांचा किनारा कुठला ते विचारा. अटलांटिकच्या बऱ्याच किनाऱ्यांवर दोन भरत्या जवळपास सारख्या असतात, तिथं हे छान चालतं. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते, तिथं ते नुसतं शोभेचं.

तारेच द्यायचे तर मी पाचपैकी तीन देईन. त्यातला एक सुताराचा.

परवा भावाचा फोन आला, या वर्षी काय आणू म्हणून. मी म्हटलं, खोकं नको, चार चांगले सेल आण आणि मोठ्या अक्षरातली तिथीची दिनदर्शिका आण, आप्पांना हल्ली बारीक छपाई दिसत नाही. मागून आप्पा ओरडले, "आणि त्याला सांग, अमावास्येच्या आत ये म्हणावं. या वेळी काटा मी सांगेन तेव्हाच लावायचा."