एसएलकेचं छत अर्ध्यात अडकलं होतं, पंप न बदलता चालू करून देणारा गॅरेजवाला सापडला

माझ्याकडे २००१ ची मर्सिडीज एसएलके २०० आहे, पहिल्या पिढीतली, आर१७०. पत्र्याचं छत, बटण दाबून धरलं की २५ सेकंदात घडी होऊन डिकीत. १९९६ ला ही गाडी आली तेव्हा सगळं कौतुक त्या छताचंच होतं आणि मी इकडे इंग्लंडमध्ये सेकंडहँड घेतली तीही त्याच्याचसाठी.

तर गेल्या सप्टेंबरात लंडनहून मंडळाच्या गणपतीचं दर्शन घेऊन परत येताना चहाला थांबलो, आभाळ भरून आलेलं म्हणून छत लावायला बटण दाबलं, डिकीचं झाकण मागे उघडलं, छत वर आलं आणि मध्येच उभं राहिलं. पंपाचा घूंऽऽ आवाज चालू (छत हायड्रॉलिक आहे, म्हणजे हा पंप ऑइलच्या दाबाने ते हलवतो) पण छत हलेना, आणि तेवढ्यात पाऊस सुरू, मोदकाचा डबा सीटवर. शेवटी मॅन्युअल काढून बघून बघून मी आणि बायकोने दोन बाजूंनी धरून हाताने बंद केलं. हे एकट्याने अजिबात करू नका, वजन भरपूर आहे आणि बोट सापडलं तर गेलंच.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, वीस मिनिटांत सांगितलं पंप गेलाय, १४५० पाउंड. डिकीतलं कव्हर उचलून पंपाकडे बघितलंसुद्धा नाही. मला ते पटलंच नाही, कारण पंप तर फिरत होता, आवाज मी स्वतः ऐकला होता!

मग ऑफिसमधल्या एकाने रेडिंगजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं हे गॅरेज सांगितलं. साठीचे गृहस्थ आहेत, एकटेच काम करतात. त्यांनी हत्यार हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. कधीकधी बटण दाबल्यावर काहीच होत नाही असं होतं का? आवाज येतो पण हळू चालतं असं होतं का? मी म्हटलं दोन्ही होतं, तर म्हणाले मग हे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र धरू नका. हे वाक्य ऐकलं तेव्हाच मी ठरवलं गाडी इथेच द्यायची.

पहिला आजार डिकीत निघाला. या गाडीत सामान आणि छताच्या मध्ये एक पडदा असतो, तो ओढून क्लिपमध्ये नीट अडकलेला असल्याशिवाय छत हलतच नाही (सामानावर छत आपटू नये म्हणून), आणि तो अडकलाय हे गाडीला एक छोटा मायक्रोस्विच सांगतो. त्यांनी मीटर लावून पडदा मला पाचसहा वेळा अडकवायला लावला, दर वेळी टक आवाज यायचा पण मीटरची बीप दोनदाच वाजली. म्हणजे स्विच आतून झिजलेला. भंगारातल्या गाडीचा स्विच बसवला, १५ पाउंड.

दुसरा आजार मात्र खरा. छताचं पुढचं लॉक आरशाच्या वर असतं आणि तेही हायड्रॉलिक सिलेंडरवर चालतं. त्यांनी तिथली ट्रिम खाली घेतली, टिश्यू पेपरची पट्टी सिलेंडरभोवती गुंडाळली आणि गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी मला पट्टी दाखवली, एका कडेला नखाएवढा तेलकट डाग. वीस वर्षांत आतली सीलं खराब होतात, थेंब थेंब ऑइल जात राहतं, टाकीतली लेव्हल उतरते आणि पंप बिचारा हवा ओढत बसतो. सिलेंडर काढून नवी सीलं टाकली, हायड्रॉलिक ऑइल भरलं, मग छत सातआठ वेळा उघड-बंद करून सिस्टीममधली हवा काढली. पहिल्या दोन वेळा छत अडखळत गेलं, चौथ्यापासून लोण्यासारखं.

सगळं मिळून ३४० पाउंड. जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले, त्या सिलेंडरचं फाटलेलं सील बघून मला खरंच बरं वाटलं, काय बिघडलं होतं ते डोळ्यांना दिसलं.

तक्रार एवढीच की वेळ लागतो. नऊ दिवस गाडी तिथे होती आणि फोन उचलायचा त्यांना कंटाळा आहे, तिथे जाऊनच विचारावं लागतं. घाई असेल तर हे गॅरेज तुमच्यासाठी नाही.

ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्यांनी खर्च करण्याआधी एवढं तरी बघाच: पडदा नीट अडकलाय का, बॅटरी कमजोर तर नाही (इंजिन चालू ठेवून ट्राय करा, पंप खूप करंट खातो), आणि ऑइलची लेव्हल. आणि लेव्हल कमी दिसली म्हणून हाताला येईल ते ओतू नका, ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, त्याने सगळी सीलं फुगतात आणि मग खरंच मोठा खर्च येतो.

आता सात महिने झाले, छत एकदाही अडकलं नाही. डिकीतल्या एका सिलेंडरच्या दांड्यावर थोडी ओल दिसतेय, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडेच नेणार आहे.